माय आन् बाप मिळून एक कोयता

गेल्या डिसेंबरात परभणीहून अंबाजोगाईला एका साखरपुड्याला निघालो होतो. गाडी भाच्याची, चालवणारा भाचा, गाणीही त्याचीच. गंगाखेड मागं पडलं आणि परळीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. एकामागं एक दोन ट्रॉल्या, पाठीमागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, चढावर इंजिन धापा टाकतंय आणि समोरून येणाऱ्या गाड्यांची माळ तुटत नाही. गाडीत रॅप लागलेलं. "मामा, बंद करू का वो?" असं त्यानं परभणीतच विचारलं होतं आणि मी भिडेखातर "राहू दे" म्हणालो होतो. आता मात्र बंद कर म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात एक कोवळा, जरासा घोगरा आवाज म्हणाला:

माय आन् बाप मिळून एक कोयता,
मंग मी कोन? मूठ?

समोर उसाची ट्रॉली. मी म्हणालो, "मागं घे जरा." त्यानं दचकून आरशात पाहिलं. "गाडी नाही रे, गाणं."

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे बीड-परभणीकडच्या वाचकाला सांगायला नको. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरून जातात तेही कोयतेच, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. या हिशोबावर लेख झाले, समित्या झाल्या, मीही वर्गात दोन-तीनदा हळहळून बोललो आहे. पण त्या जोडीबरोबर फडावर जाणारं पोर या हिशोबात कुठं बसतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. या पोरानं ते चार शब्दांत विचारलं आणि उत्तरही त्यातच देऊन टाकलं. मूठ. कोयता चालतो तो तिच्यावर, आणि मोजताना तिला कुणी मोजत नाही.

आता माझी बाजू. मी तेहेतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं. छंद, वृत्तं, अलंकार हा माझा आवडता भाग. बाकीचे तो 'ऑप्शनला' टाका म्हणायचे. रॅप मला आवडत नव्हतं, आणि 'आवडत नव्हतं' हे फार सौम्य झालं. माझ्या डोळ्यांपुढं रॅप म्हणजे कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाला डीजेच्या भिंतीतून छातीवर आदळणारं प्रकरण. उघड्या जीपवर बसलेली पोरं, गळ्यात खोट्या साखळ्या, दर दोन ओळींना कुणाच्या तरी आईचा उद्धार. 'यांना गाता येत नाही म्हणून बोलतात आणि बोलता येत नाही म्हणून ओरडतात,' असं माझं एक ठरलेलं वाक्य होतं. स्टाफरूममध्ये त्यावर हमखास हशा मिळायचा. वाक्य जमलं होतं, म्हणून मी पुढं कधी विचारच केला नाही.

अंबाजोगाई येईपर्यंत त्या अल्बममधली नऊच्या नऊ गाणी ऐकली. साखरपुड्यात जेवताना भाच्याला बाजूला घेऊन 'बार' म्हणजे काय, 'हुक' म्हणजे काय, हे विचारून घेतलं (बार म्हणजे ओळ, हुक म्हणजे आपलं धृपद). परतताना पुन्हा नऊ. करणारी पोरं तीन: एक परळीकडचा, एक लातूरचा, एक संभाजीनगरच्या जुन्या शहरातला. लातुरात एका भाड्याच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगून त्यांनी हे रेकॉर्ड केलं. ठेका इंटरनेटवरून उतरवलेला. नंतर मी त्यांच्याशी फोनवर बोललो तेव्हा परळीकडचा म्हणाला, "लिहा सर, पण नाव टाकू नका. घरी वाटायलंय मी पोलीस भरतीची तयारी करायलो." म्हणून नाव टाकत नाही, अल्बमचंही नाही.

लातूरच्या पोराचं एक गाणं पाण्याच्या रेल्वेवर आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनावर आले होते. हा पोरगा तेव्हा चौथीत होता. आता वयात आला, काम शोधायला पुण्याला निघाला, आणि म्हणतो:

पान्याला गाडी भेटली आख्खी,
पुन्याला जायला जनरल बी नाई.

पाणी आणि पुणे हे मराठवाड्याच्या दोन पिढ्यांचे दोन विषय. एकाची वाट बघायची, दुसऱ्याची वाट धरायची. ते दोन शब्द एकमेकांशी इतके सख्खे आहेत हे मला साठ वर्षं दिसलं नव्हतं. आणि तिथला 'भेटली' पाहा. माणूस भेटतो, वस्तू मिळते. 'मला पेन भेटला' असं लिहिणाऱ्या किती पोरांचे मी मार्क कापले असतील, गणती नाही. पण ज्या घरात रात्री दोन वाजता नळाजवळ घागरी मांडून जागत बसतात, तिथं पाणी मिळत नाही, भेटतंच. पाहुण्यासारखं, न सांगता येतं आणि थांबत नाही. माझी लाल शाई त्या ओळीपुढं चालत नाही.

कारागिरीचं म्हणाल तर यमकाच्या बाबतीत ही पोरं कंजूष नाहीत. ओळीच्या शेवटी यमक जुळवून सुटका करून घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ओळीच्या पोटात, शब्दाच्या सुरुवातीला, पुढच्या ओळीच्या मध्यावर, कुठंही नाद येऊन टेकतो. मोरोपंत शिकवताना मी पोरांना सांगायचो की बघा, हा माणूस किती जागी यमक साधतो. वामन पंडिताला तर लोक 'यमक्या वामन'च म्हणायचे. तेव्हा मागच्या बाकावर जांभया दिल्या जायच्या. त्याच बाकावरची पोरं घरी जाऊन हेच करत होती असं दिसतं.

चूकही मी पकडली. सवयच ती. कोयत्याच्या त्या ओळींत पहिलीत वीस मात्रा भरतात, दुसरीत अकराच. ठेका चारचा आहे, ओळ तितकी लांबली पाहिजे. पण 'मूठ' म्हटल्यावर पोरगा थांबतो आणि पुढचे दोन ठोके तसेच रिकामे जातात. गाडीच्या स्पीकरवर तिथं नुसता घरघराट. भाच्याला मी म्हणालो, इथं मात्रा कमी पडल्या, एखादा शब्द भरायला हवा होता. तो म्हणाला, "असंल मामा."

तर आवडलं. आता प्रश्न असा की एका निवृत्त मास्तराला नऊ गाणी आवडली यात लोकांनी लक्ष घालावं असं काय आहे? ते सांगायला मला जरा आडवळणानं जावं लागेल.

असं काही आवडलं की आपल्याकडं एक ठरलेली पळवाट असते. म्हणायचं की यात नवं काय, भारूड म्हणजे आपलं रॅपच की! पैठणच्या एकनाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. या वाक्यावर टाळ्या पडतात, कारण ते ऐकताना मराठी माणसाला आपण अमेरिकेच्या पुढं होतो असं वाटतं. मला हे पटत नाही. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा असतो. रूपक उलगडलं की उतारा मिळतो आणि ऐकणारा निवांत घरी जातो. महार, जोशी, गोंधळी, वासुदेव अशी कितीतरी सोंगं नाथ घेतात, ती मोठ्या मायेनं घेतात, पण ती सोंगं आहेत हे नाथांनाही ठाऊक आहे आणि श्रोत्यांनाही. या अल्बममधला विंचू विंचूच आहे, पाचटातला. तो ज्याला चावला तोच बोलतोय, आणि उतारा त्याच्याकडं नाही. सर्वात जवळचं रुग्णालय किती कोसांवर आहे एवढंच तो सांगतो.

रॅपचा जन्म कुठं झाला हे लपवायचं कारण नाही. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत एका पोरीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवायला होता. त्यानं पाहिलं की गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की लोक बेभान नाचतात. मग त्यानं तेवढाच तुकडा दोन तबकड्यांवर आळीपाळीनं लांबवत नेला. त्या लांबलेल्या ठेक्यावर पुढं कुणी बोलू लागलं आणि एक कलाप्रकार उभा राहिला. वाद्य विकत घ्यायची ऐपत नसलेल्या वस्तीनं दुसऱ्याच्या गाण्यातली मोकळी जागा शोधली आणि तिथं आपलं बिऱ्हाड मांडलं. ही गोष्ट मला भारुडाच्या उसन्या वारशापेक्षा जास्त जवळची वाटते. लातूरच्या पोरांनीही ठेका उसनाच घेतलाय. गोधड्या तेवढ्या घरच्या.

बरं, मग मला इतकी वर्षं नावडत काय होतं? ठेका? तो तर हलगीचा असला की माझे पाय आपोआप हलतात. शिव्या? माझ्या गावात पोळ्याला बैल बुजला की जी भाषा निघते ती ऐकत मी वाढलो. अंबाजोगाईहून परतताना पालमच्या फाट्याची पाटी वाचता वाचता मला जे कळलं ते कबूल करायला जड जातं. मला 'आन्' आवडत नव्हतं. 'मंग', 'कोन', 'करायलो', 'जायलो' माइकवर ऐकायला आवडत नव्हतं. ही माझ्या आईची भाषा. माझीही होती, सातवीपर्यंत. मग शाळेनं ती माझ्या तोंडातून काढली आणि पुढं पगार घेऊन मी ती दुसऱ्यांच्या तोंडातून काढली. कथाकथनात एखादा विनोदी कथाकार असं बोलला की आम्ही पोट धरून हसायचो, कारण तिथं ती भाषा हसवण्यासाठी आणलेली असायची. या पोरांनी तिच्यात विचार केला, तोही रागावून. ते सहन होत नव्हतं. मी मात्र त्याला 'संगीताची अभिरुची' असं भारी नाव दिलं होतं.

हा एकट्या माझा रोग असता तर लेख लिहिला नसता. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही निवृत्त मास्तरांनी पेढे वाटले. त्या दाव्यात गाथासप्तशतीचं नाव अभिमानानं घेतलं जातं. ती सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे, त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. आणि त्या गाथांत आहे काय? शेतकऱ्यांच्या घरातली भांडणं, परगावी गेलेला नवरा, चोरटी भेट, दारिद्र्य, पाऊस, आणि आजच्या शाळेत शिक्षक पान उलटून पुढं जातील असा भरपूर शृंगार. तेही दरबारी संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृतात. दोन हजार वर्षांपूर्वीची गावठी भाषा आपल्या अभिजाततेचा पुरावा, आणि आजची गावठी भाषा वहीत खोडायची.

संभाजीनगरच्या पोराची गोष्ट तर आणखी मजेची. तो दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत बोलतो. 'नक्को', 'कायकू', 'हौ' असं सगळं. बापाचं दुकान रस्तारुंदीकरणात गेलं त्यावर त्याचं एक अख्खं कडवं आहे. मराठी अल्बममध्ये हे कसं, असं मी भाच्याला विचारलं आणि विचारता विचारताच जीभ चावली. वली हा दखनी कवी याच शहराचा. 1700 च्या सुमारास तो दिल्लीला गेला तेव्हा तिथले कवी फारसीतच लिहिण्यात धन्यता मानत होते. बोलीभाषेत इतकी चांगली गझल होऊ शकते हे वलीनं दाखवलं आणि दिल्लीच्या कवितेनं कूस बदलली असं उर्दूचा इतिहास सांगतो. पुढं सिराज औरंगाबादी. आमच्या मराठी वाङ्मयेतिहासात या दोघांना दार नाही, ते 'उर्दूवाले'. या पोरांच्या खोलीत मात्र तिघं एका माइकभोवती बसतात आणि कोण कुठल्या भाषेचा हा प्रश्न त्यांना पडत नाही. माझ्या पिढीनं परिसंवाद भरवून जे साधलं नाही ते एका गोधडीखाली झालं. असो.

आता मुद्द्यावर येतो. रॅपचं करायचं काय, यावर आपल्याकडं दोनच उत्तरं चालतात. एक पोलीस ठाण्यात मिळतं, दुसरं सत्काराच्या मंचावर.

2023 च्या एप्रिलमध्ये संभाजीनगरच्याच एका तरुण रॅपरवर, राज्यातल्या सत्तांतरावर टीका करणाऱ्या गाण्यावरून, थेट अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला होता. गाणं चांगलं की वाईट यावर मी त्या काळात एक ओळही वाचली नाही. गुन्हा योग्य की अयोग्य यावर रकाने भरले. हा आपलाच वेडेपणा आहे असं नाही. अमेरिकेत 1990 मध्ये फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशानं एक अख्खा रॅप अल्बम अश्लील ठरवला होता, दुकानात विकणाऱ्याला अटकही झाली, आणि 1992 मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्याच देशात 2018 मध्ये केंड्रिक लमारच्या अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं, जे तोवर शास्त्रीय आणि जॅझवाल्यांच्या बाहेर गेलं नव्हतं. या दोन टोकांच्या मधल्या अडीच दशकांत तिथं रॅपवर भरपूर लिहिलं गेलं, वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत, शिव्याशाप देऊन आणि डोक्यावर घेऊन. मला हेवा वाटतो तो त्या मधल्या काळाचा. पुलित्झरचा नाही.

आपल्याकडं मधलं काही नाही. गुन्हा नाहीतर शाल. 'तरुणाईचा बुलंद आवाज' म्हणून युवा महोत्सवाच्या समारोपाला दहा मिनिटं द्यायची, कार्यक्रम लांबला की पाच करायची, नारळ हातात ठेवायचा. किंवा निवडणूक आली की त्याच ठेक्यावर उमेदवाराचं नाव घालून रिक्षा फिरवायची. तेव्हा कुणाला ते असंस्कृत वाटत नाही. शाल देणारा गाणं ऐकत नाही. गुन्हा नोंदवणारा निदान शब्द तरी उतरवून घेतो, तेवढाच तो वाचक बरा!

माझं म्हणणं एवढंच आहे की या पोरांना टीकाकार हवेत. ओळीओळीवर भांडणारे, चूक दाखवणारे, जमलेलं जमलं म्हणणारे. जी वागणूक आपण कवितेला देतो ती. उदाहरणच देतो, कारण आतापर्यंत मी नुसतं कौतुक केलंय.

अल्बममधलं सातवं गाणं भिकार आहे. नकार दिलेल्या एका पोरीला तीन मिनिटं शिव्या. भाचा म्हणाला, "मामा, ते डिस असतं, सगळेच करतेत." डिस म्हणजे प्रतिस्पर्ध्याची खरडपट्टी, हे मला आता कळतं. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर नाव घेऊन एकमेकांची हेच करायचे. पण तिथं समोर तोलामोलाचा शाहीर उभा असायचा, त्याच्या हातात डफ असायचा आणि उलट सवाल टाकायला रात्र पडलेली असायची. या पोरीच्या हातात माइक कुठं आहे? जो पोरगा पहिल्या गाण्यात म्हणतो की माझ्या आईला माणूस म्हणून मोजलं नाही, अर्ध्या कोयत्यात बसवलं, तोच सातव्यात एका पोरीला शरीराच्या दोन अवयवांत बसवतो. मुकादमाची वहीच की ही. शिवी आहे म्हणून माझा आक्षेप नाही. शिवी आळशी आहे, आणि पहिल्या गाण्याला खोटं पाडते, म्हणून आहे. नैतिकतेच्या ठेकेदारांना हा फरक कधी कळणार नाही. त्यांना पहिलं आणि सातवं ही दोन्ही गाणी सारखीच बंद करायची असतात. आणि 'आमच्या पोरांचा आवाज' म्हणून सगळंच डोक्यावर घेणाऱ्यांनाही तो कळत नाही. तो फरक सांगायला समीक्षा लागते.

ती कशी असते त्याचा नमुना आपल्याकडं आहे. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर होते. तेंडुलकरांनी तिथं आपल्याला कळत नाहीत असे शब्द काढले आणि कवीला त्यांचे अर्थ विचारले. मराठीतला एवढा मोठा लेखक, पांढरपेशा वस्तीतला, छापील पानावर सांगतो की मला ही भाषा येत नाही, मला समजावून दे. ढसाळांना शाल दिली नाही, पोलिसांत दिलं नाही, शब्दांचे अर्थ विचारले. गेल्या पन्नास वर्षांत आम्ही तो संग्रह अभ्यासक्रमांत लावला, त्यावर पीएचड्या केल्या. अर्थ विचारायची ती रीत मात्र उचलली नाही.

मराठवाड्यात अलीकडं दोन अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली, जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला आणि एप्रिल 2022 मध्ये उदगीरला. उदगीरला विद्रोही संमेलनही झालं. कविकट्ट्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कवी रांगेत असतात, तीन-तीन मिनिटांत कविता म्हणून उतरतात, आणि खाली बसलेले असतात ते पुढच्या नंबरचे कवी. अशा कट्ट्यावर रॅपर चढवा असं मी म्हणत नाही, त्यानं त्याचं काही भलं होणार नाही. मला वाटतं एक दुपार राखून ठेवावी. एक अल्बम, त्याची छापलेली संहिता श्रोत्यांच्या हातात, करणारी पोरं समोर, आणि मंचावर दोन जाणकार: एक छंदशास्त्राचा, एक लोकवाङ्मयाचा. गाणं लावायचं, थांबवायचं, वाद घालायचा. संभाजीनगरच्या आमच्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भारूड, गोंधळ, वासुदेव, जलसा असे प्रकार असतात, परीक्षक असतात, गुणही दिले जातात. पण गुण पुष्कळदा पोशाखाला आणि जोशाला जातात, संहितेवर कुणी दोन वाक्यं बोलत नाही. जलशाची परंपरा सांगणाऱ्या या भागात, नामांतरासाठी सोळा वर्षं लढलेल्या या विद्यापीठात, गाण्याच्या शब्दांना इतकं बिनमहत्त्वाचं मानावं याचं मला आश्चर्य वाटतं. कोणे एके काळी इथं गाण्यानं माणसं सभेला जमायची.

यावर एक आक्षेप माझ्याच एका जुन्या सहकाऱ्यानं घेतला. तुम्ही समीक्षा सुरू केली की ही पोरं बिघडतील, तुमच्या कौतुकासाठी लिहू लागतील, दलित कवितेचं जे झालं ते यांचं होईल. त्यात तथ्य आहे. मास्तरांना आवडेल असं रॅप लिहिलं गेलं तर माझ्यासारखा गुन्हेगार दुसरा नाही. पण सध्या ही पोरं कुणासाठी लिहितात? मोबाइलवरच्या आकड्यासाठी. सातव्या गाण्याला पहिल्यापेक्षा दसपट लोकांनी पाहिलंय. तो आकडाही समीक्षकच आहे, आणि तो दर दिवशी सांगतो की आईवर लिहू नको, पोरीला शिव्या दे. त्याच्या जोडीला एखादा छंद मोजणारा म्हातारा असला तर बिघडलं कुठं?

म्हणून मी सुरुवात केली. भाच्याकडून नंबर घेतला आणि परळीकडच्या त्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहून पाठवलं. पाणी-पुण्याचं कौतुक, 'भेटली'वर एक परिच्छेद, सातव्या गाण्यावर जे वर लिहिलंय ते, जरा अधिक कडक. शेवटी कोयत्याच्या ओळीतली मात्रांची चूक, वीस आणि अकरा असा हिशोब मांडून. दोन निळ्या खुणा आल्या आणि दोन दिवस काही नाही. मला वाटलं, गेला पोरगा, दुखावला.

तिसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं. "सर, सातव्याचं खरंय. माझी बहीन पन तेच म्हनली. पन पहिल्याचं तुमचं चुकलं. गाडीत ऐकलं का? हेडफोन लावून ऐका."

हेडफोन माझ्याकडं कुठला. नातीचा घेतला, मी तो कानात उलटा घातला म्हणून तिनं हसून पुन्हा नीट लावून दिला. गाणं सुरू केलं. माय आन् बाप मिळून एक कोयता. मंग मी कोन? मूठ? आणि त्या दोन रिकाम्या ठोक्यांत, अगदी खालच्या आवाजात, बारीक पण स्वच्छ, ओल्या उसाच्या बुडात बसलेला कोयता: खच्च. खच्च.

मी वहीतला अकराचा आकडा खोडला.